जगन्नाथ शंकरशेट

जगन्नाथ शंकरशेट मुरकुटे ऊर्फ नाना शंकरशेट (१० फेब्रुवारी १८०३ – ३१ जुलै १८६५) हे एकोणिसाव्या शतकातील मुंबईचे व्यापारी, शिक्षणप्रसारक आणि लोकनेते होते. मुंबई इलाख्यातील आधुनिक शिक्षण, नागरी संस्था आणि संघटित राजकीय चळवळ यांच्या पायाभरणीत त्यांचा मोठा वाटा होता. १८५३ साली मुंबई ते ठाणे या मार्गावर सुरू झालेल्या भारतातील पहिल्या प्रवासी आगगाडीच्या उभारणीला ज्या भारतीय नागरिकांनी आरंभापासून पाठबळ दिले, त्यांत सर जमशेटजी जीजीभाई यांच्यासह नानांचे नाव अग्रभागी घेतले जाते. ही आगगाडी सुरू झाली तेव्हा ती मुंबई आणि साष्टी या दोन बेटांवरूनच धावत होती. मुख्य भूमीवर ती पुढील वर्षी पोहोचली, आणि सह्याद्री ओलांडून मुंबई ते पुणे हा सलग मार्ग पूर्ण होण्यास १८६३ साल उजाडावे लागले. हा सर्व प्रवास नानांच्या हयातीतच घडला.

घराणे आणि पूर्वायुष्य

नानांचा जन्म दैवज्ञ समाजातील एका सधन कुटुंबात झाला. हे घराणे मूळचे ठाणे जिल्ह्यातील मुरबाडचे. अठराव्या शतकात मुंबई बेटावरील व्यापार वाढू लागला, तेव्हा नानांच्या पूर्वजांनी तेथे येऊन पेढी स्थापली. वडील शंकरशेट यांनी व्यापारात मोठी संपत्ती मिळवली. आईचे नाव भवानीबाई. नानांचे शिक्षण घरीच, खाजगी शिक्षकांच्या हाताखाली झाले. त्यात मराठी व संस्कृतबरोबर इंग्रजीचाही समावेश होता. त्या काळी इंग्रजी उत्तम जाणणारे हिंदू व्यापारी मुंबईत मोजकेच होते. सरकारी अधिकारी, युरोपीय व्यापारी आणि शहरातील विविध भाषांचे व धर्मांचे नागरिक यांच्यात दुवा म्हणून वावरणे नानांना शक्य झाले ते यामुळेच.

१८२२ साली वडिलांचे निधन झाले आणि वयाच्या अवघ्या एकोणिसाव्या वर्षी घराण्याचा सारा कारभार नानांकडे आला. पेढीचा व्यवहार सांभाळून त्यांनी आपला बराचसा वेळ आणि पैसा सार्वजनिक कामाकडे वळवला. आईवडिलांच्या स्मरणार्थ त्यांनी मुंबईत भवानी-शंकराचे मंदिर बांधले. ते आजच्या नाना चौकाच्या परिसरात आहे.

शिक्षणकार्य

माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हे १८१९ ते १८२७ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. त्यांच्या प्रोत्साहनाने १८२२ च्या सुमारास मुंबईत एतद्देशीयांच्या शिक्षणासाठी हैंदशाळा शाळापुस्तक मंडळी उभी राहिली. नाना या कार्यात तरुण वयातच सामील झाले. एल्फिन्स्टन निवृत्त झाल्यावर त्यांच्या स्मरणार्थ नागरिकांनी मोठा निधी जमवला. त्यातून पुढे एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन आकाराला आले. बाळशास्त्री जांभेकर, दादाभाई नौरोजी आणि भाऊ दाजी लाड यांच्यासारखी माणसे या संस्थेशी शिक्षक वा विद्यार्थी या नात्याने निगडित होती.

१८४० साली इलाख्यातील शिक्षणाची देखरेख करण्यासाठी बोर्ड ऑफ एज्युकेशन स्थापन झाले. नाना त्याचे सदस्य होते आणि बोर्ड विसर्जित होईपर्यंत त्यांनी हे काम पाहिले. बोर्डाचा अधिकार मुंबईपुरता नव्हता. पुण्यात विश्रामबागवाड्यात १८२१ साली सुरू झालेली संस्कृत पाठशाळा आणि तेथील इंग्रजी शाळा यांचे १८५१ साली एकत्रीकरण होऊन पूना कॉलेज बनले, तेही याच बोर्डाच्या कारकिर्दीत. या कॉलेजातून पुढे डेक्कन कॉलेजची परंपरा निर्माण झाली.

१८४० च्या दशकाच्या उत्तरार्धात शिक्षणाच्या माध्यमावरून बोर्डात तीव्र मतभेद झाले. अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचा कल मूठभर लोकांना इंग्रजीतून उच्च शिक्षण देण्याकडे होता. नानांनी आणि बोर्डातील त्यांच्या सहकाऱ्यांनी याला विरोध केला. सामान्य जनतेपर्यंत ज्ञान पोहोचवायचे असेल, तर ते मराठी, गुजराती यांसारख्या देशी भाषांतूनच पोहोचले पाहिजे, असे नानांचे मत होते. ते स्वतः इंग्रजीचे जाणकार होते आणि इंग्रजी शिक्षणाचे विरोधकही नव्हते. त्यामुळे त्यांची ही भूमिका विशेष लक्षणीय ठरते. या वादामुळे इलाख्यातील मराठी शाळांचे महत्त्व टिकून राहिले.

स्त्रीशिक्षणालाही नानांनी प्रत्यक्ष आधार दिला. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधील तरुणांनी १८४८ साली स्थापन केलेल्या विद्यार्थ्यांच्या सभेने पुढील वर्षी मुलींच्या शाळा काढल्या, तेव्हा मराठी मुलींच्या शाळेसाठी नानांनी आपल्या वाड्यातील जागा उपलब्ध करून दिली आणि खर्चाचा भारही उचलला. कर्मठ समाजाचा रोष पत्करून केलेली ही कृती होती. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन करणाऱ्या कायद्यात आरंभीच्या फेलोंची जी यादी आहे, तिच्यात नानांचे नाव आढळते.

नागरी आणि सामाजिक कार्य

सतीप्रथेवर बंदी घालणाऱ्या १८२९ च्या निर्णयाला नानांनी पाठिंबा दिला. सोनापूर येथील हिंदूंची स्मशानभूमी हलवण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा नागरिकांच्या वतीने त्यांनी तो थोपवला. शहरात जस्टिस ऑफ द पीस या पदावर भारतीयांच्या नेमणुका सुरू झाल्या, त्या पहिल्या काही नावांत नानांचा समावेश होता. भायखळ्याचे वनस्पती उद्यान, म्हणजे आजची राणीची बाग, आणि तिच्या शेजारचे वस्तुसंग्रहालय यांच्या उभारणीतही त्यांनी पुढाकार घेतला. हे संग्रहालय आता डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखले जाते.

बेटावरील आगगाडी

अठराव्या शतकाच्या अखेरीपासून भराव आणि बांध घालून मुंबईची सात बेटे जोडण्याचे काम चालू होते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ती एकत्र येऊन मुंबई हे सलग बेट झाले. तिच्या उत्तरेस साष्टी हे मोठे बेट होते. शीवचा बांध आणि १८४५ साली पूर्ण झालेला माहीमचा बांध यांनी या दोन बेटांतील दळणवळण सुलभ केले. साष्टीच्या पूर्व काठावर ठाणे वसले होते, आणि खाडीपलीकडे कल्याणपासून घाटांकडे जाणारी मुख्य भूमी सुरू होत असे. व्यापाराच्या दृष्टीने हीच मुंबईची मोठी अडचण होती. वऱ्हाड, खानदेश आणि दख्खन येथील कापूस बैलांच्या पाठीवरून व गाड्यांतून घाट उतरून बंदरावर यायला आठवडेच्या आठवडे लागत. वाटेत पावसाने आणि धुळीने मालाची नासाडी होई ती वेगळीच.

१८४३ साली मुंबई सरकारचे मुख्य अभियंता जॉर्ज क्लार्क यांनी मुंबईहून घाटांच्या दिशेने लोहमार्ग नेण्याची कल्पना मांडली. तिचा पाठपुरावा करण्यासाठी शहरातील युरोपीय व भारतीय नागरिक एकत्र आले. १८४५ साली स्थापन झालेल्या रेल्वे मंडळीत जमशेटजी जीजीभाई आणि नाना शंकरशेट हे प्रमुख होते. इंग्लंडमध्येही भांडवलदारांचा एक गट याच उद्देशाने काम करीत होता. या प्रयत्नांतून ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनी आकाराला आली. १ ऑगस्ट १८४९ रोजी ब्रिटिश संसदेच्या कायद्याने तिला मान्यता मिळाली आणि त्याच महिन्यात ईस्ट इंडिया कंपनीशी तिचा करार झाला. गिरगावातील नानांच्या वाड्याच्या आवारात रेल्वेचे पहिले कार्यालय काही काळ होते, असे परंपरेने सांगितले जाते.

या करारात भागधारकांना गुंतवणुकीवर पाच टक्के व्याजाची हमी दिलेली होती. नफा कमी पडल्यास तूट सरकारी तिजोरीतून, म्हणजे अखेर हिंदुस्थानातील करदात्यांच्या पैशातून, भरून निघणार होती. भांडवल आणि नियंत्रण मुख्यतः लंडनमध्ये, तर जोखीम हिंदुस्थानात, अशी ही व्यवस्था होती. पुढे दादाभाई नौरोजी आणि त्यांच्यानंतरच्या अर्थचिंतकांनी रेल्वेवर जी टीका केली, तिचे एक मूळ या हमीत आहे. नानांच्या पिढीला मात्र रेल्वे ही प्रामुख्याने शहराच्या भरभराटीची आणि देशी व्यापाराच्या विस्ताराची संधी वाटत होती.

प्रत्यक्ष कामाची सुरुवात ३१ ऑक्टोबर १८५० रोजी शीवजवळ झाली. मुख्य अभियंता म्हणून जेम्स जॉन बर्कली हे त्याच वर्षी इंग्लंडहून आले होते. बोरीबंदरहून निघालेला मार्ग भायखळा, शीव व कुर्ला या दिशेने जात होता. शीव आणि कुर्ला यांच्यामधल्या दलदलीतून भराव टाकून तो साष्टी बेटावर नेण्यात आला. या कामावर हजारो मजूर राबत होते. १८५२ साली बांधकामासाठी पहिले वाफेचे इंजिन मुंबईत धावले. तत्कालीन गव्हर्नरांच्या नावावरून ते फॉकलंड या नावाने ओळखले गेले.

१६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी साडेतीनच्या सुमारास बोरीबंदरहून पहिली प्रवासी गाडी ठाण्याकडे निघाली. तिला १४ डबे होते आणि सुमारे ४०० निमंत्रित त्यांतून प्रवास करीत होते. नाना शंकरशेट आणि जमशेटजी हे या प्रवाशांत होते. निघताना २१ तोफांची सलामी देण्यात आली. २१ मैलांचे, म्हणजे सुमारे ३४ किलोमीटरचे अंतर गाडीने साधारण तासाभरात कापले. ती ओढणाऱ्या तीन इंजिनांची नावे साहिब, सिंध आणि सुलतान अशी परंपरेने सांगितली जातात. रुळांमधील अंतर ५ फूट ६ इंच ठेवण्यात आले होते. तेच पुढे देशाच्या मुख्य मार्गांचे प्रमाण ठरले.

या दिवशी धावलेली गाडी आरंभापासून शेवटापर्यंत बेटांवरच राहिली. ठाण्याच्या खाडीवरील पूल बांधून पूर्ण झाल्यावर १ मे १८५४ रोजी ती कल्याणला पोहोचली आणि मुंबईचा लोहमार्ग प्रथमच मुख्य भूमीला जोडला गेला.

घाट आणि पुणे

मुंबई आणि पुणे यांच्यामधला मुख्य अडथळा बोरघाटाचा होता. १८३० साली घाटातून गाडीरस्ता खुला झाला होता, तरी प्रवास कष्टाचाच होता. रेल्वे कंपनीने घाटाच्या दोन्ही बाजूंचे मार्ग आधी पूर्ण केले. खंडाळा ते पुणे हा भाग १४ जून १८५८ रोजी सुरू झाला. मधल्या चढावर लोहमार्ग नसल्याने मुंबईहून आलेले प्रवासी खोपोलीजवळ उतरत, डोली, तट्टू वा बैलगाडीने घाट चढत आणि खंडाळ्याला दुसऱ्या गाडीत बसून पुण्यास येत. तरीही पूर्वीच्या मानाने हा प्रवास कितीतरी सुकर होता.

घाटातील काम १८५६ साली सुरू झाले होते. सुमारे २५ किलोमीटरच्या मार्गावर २५ बोगदे खोदावे लागले आणि ५५० मीटरहून अधिक उंची गाठावी लागली. चढ इतका तीव्र होता, की खंडाळ्याच्या अलीकडे गाडीची दिशा उलटी करण्यासाठी खास स्थानक बांधण्यात आले. काम ऐन भरात असताना तेथे ४०,००० हून अधिक मजूर होते. पटकीची साथ, सुरुंगाचे अपघात, कड्यावरून पडणे आणि निवाऱ्याचा अभाव यांमुळे हजारो मजूर मृत्युमुखी पडले. थकलेल्या मजुरीवरून १८५९ साली मजुरांचा उद्रेकही झाला. त्याच वर्षी ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल येथे येऊन अल्पावधीतच मरण पावले. त्यानंतर त्यांच्या पत्नी ॲलिस यांनी ठेका चालू ठेवला आणि काम पुरे करून घेतले. बर्कली यांचे १८६२ साली निधन झाले, त्यामुळे हा मार्ग पूर्ण झालेला त्यांना पाहता आला नाही.

२१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते घाटमार्गाचे उद्‌घाटन झाले. मुंबई आणि पुणे ही इलाख्यातील दोन प्रमुख शहरे यामुळे काही तासांच्या अंतरावर आली. सरकारी कारभार, न्यायालये, वृत्तपत्रे आणि विद्यार्थी यांची या दोन शहरांतील ये-जा वाढली. पुढच्या पिढीतील पुण्याचे सार्वजनिक जीवन मुंबईशी इतके निकट जोडले गेले, त्यात या मार्गाचा वाटा मोठा आहे.

राजकीय कार्य

बोरीबंदर–ठाणे मार्गाचे काम चालू असतानाच नाना आणखी एका उपक्रमात गुंतले होते. ईस्ट इंडिया कंपनीच्या सनदेचे १८५३ साली नूतनीकरण व्हायचे होते. त्यापूर्वी प्रजेची गाऱ्हाणी ब्रिटिश संसदेपुढे मांडण्यासाठी २६ ऑगस्ट १८५२ रोजी बॉम्बे असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. नाना तिच्या संस्थापकांत होते आणि अध्यक्षपदाची धुरा त्यांनी सांभाळली. जमशेटजी जीजीभाई, दादाभाई नौरोजी व भाऊ दाजी हेही या कार्यात सहभागी होते. संस्थेने संसदेला सादर केलेल्या अर्जात कारभारातील उणिवा दाखवून भारतीयांना राज्यकारभारात स्थान देण्याची मागणी करण्यात आली. पश्चिम भारतातील संघटित राजकीय कार्याचा हा आरंभ मानला जातो. सरकारशी सहकार्य करून शहराच्या उन्नतीची कामे पुढे नेणे आणि त्याच सरकारकडे हक्कांची मागणी करणे, या दोन्ही गोष्टी नानांनी एकाच वेळी केल्या.

१८५७ च्या उठावाच्या काळात सरकारने नानांकडेही संशयाने पाहिले. बंडखोरांशी त्यांचा संबंध असल्याच्या वार्तांवरून चौकशी झाली, पण तीतून त्यांच्याविरुद्ध काहीही निष्पन्न झाले नाही. पुढे १८६१ च्या कायद्यान्वये मुंबईचे विधिमंडळ स्थापन झाले, तेव्हा त्यावर नेमल्या गेलेल्या पहिल्या भारतीय सदस्यांत नानांचा समावेश होता.

निधन आणि स्मृती

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे आलेली कापसाची तेजी ओसरून १८६५ च्या जुलै महिन्यात मुंबईचा शेअर बाजार कोसळला. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला नानांचे मुंबईत निधन झाले. मुंबईच्या टाउन हॉलमध्ये, म्हणजे आजच्या एशियाटिक सोसायटीच्या इमारतीत, त्यांचा संगमरवरी पुतळा आहे. त्यांच्या स्मरणार्थ मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृत विषयात प्रथम येणाऱ्या विद्यार्थ्यास जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती देण्यात येऊ लागली. १९१२ साली ती मिळवणाऱ्या चिंतामणराव देशमुखांनी पुढे देशाचे अर्थमंत्रिपद भूषवले. महाराष्ट्रातील अनेक पिढ्यांना नानांचे नाव प्रथम कळले ते या शिष्यवृत्तीमुळेच.

मुंबईत गिरगावातील जगन्नाथ शंकरशेट मार्ग व ग्रँट रोडजवळचा नाना चौक त्यांच्या नावाने ओळखले जातात. पुण्यात स्वारगेटहून गोळीबार मैदानाकडे जाणारा शंकरशेट रस्ता त्यांचे नाव धारण करतो. १९९१ साली भारतीय टपाल खात्याने त्यांच्या गौरवार्थ तिकीट काढले. मुंबई सेंट्रल स्थानकाला त्यांचे नाव देण्याचा प्रस्ताव राज्य शासनाने मांडला आहे.

रेल्वेच्या वारशाचे जतन

नानांनी ज्या आगगाडीसाठी परिश्रम घेतले, तिच्या मूळ सामग्रीपैकी फार थोडे शिल्लक आहे. बोरीबंदरचे पहिले साधे स्थानक जाऊन त्या परिसरात एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार व्हिक्टोरिया टर्मिनसची भव्य इमारत उभी राहिली. आज छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या वास्तूला २००४ साली युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. तिच्या दर्शनी भागावर रेल्वेशी संबंधित व्यक्तींची शिल्पे आहेत, आणि त्यांत जमशेटजी व नाना शंकरशेट यांच्या मुखप्रतिमाही आहेत. रोज या दारातून जाणाऱ्या लाखो प्रवाशांपैकी फार थोड्यांचे लक्ष त्यांच्याकडे जाते.

पहिल्या गाडीच्या मार्गावरील भायखळा स्थानकाची दगडी इमारत १८५७ सालची आहे. नंतरच्या काळातील जोडकामे काढून तिचे मूळ रूप परत आणण्यात आले आणि २०२२ साली या जतनकार्याला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागाचा पुरस्कार लाभला. मूळ इंजिनांच्या वाट्याला मात्र असे भाग्य आले नाही. साहिब, सिंध आणि सुलतान यांपैकी एकही आज संग्रहालयात पाहायला मिळत नाही. याउलट बंगालमधील मार्गासाठी १८५५ साली तयार झालेले फेअरी क्वीन हे इंजिन जतन करण्यात आले. पुढे ते दुरुस्त करून पर्यटकांच्या गाडीसाठी पुन्हा चालवण्यातही आले.

मुंबईच्या मार्गांवरील वाफेचे युग तुलनेने लवकर मागे पडले. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या मार्गावर विजेची गाडी सुरू झाली. १९२९ साली बोरघाटातील दिशा बदलण्याचे स्थानक नव्या मार्गामुळे निरुपयोगी ठरले. पुण्यापर्यंत विद्युतीकरण झाल्यावर १ जून १९३० रोजी दख्खनची राणी विजेच्या इंजिनावर धावू लागली. घाटातील जुने बोगदे, दगडी कमानींचे पूल आणि सोडून दिलेल्या मार्गाच्या खुणा अजूनही दिसतात. पुण्यात कर्वे रस्त्यालगतच्या जोशी लघुरेल्वे संग्रहालयात वाफेच्या इंजिनांसह विविध गाड्यांच्या चालत्या प्रतिकृती पाहता येतात. मूळ इंजिने नाहीशी झालेल्या या प्रदेशात वाफेच्या गाडीची रचना आणि चाल विद्यार्थ्यांना दाखवणारे ते एक उपयुक्त स्थान आहे.

मूल्यमापन

नानांचे कार्य शिक्षण, नगररचना, उद्योग व राजकारण अशा अनेक क्षेत्रांत विखुरलेले आहे. त्यामुळे त्यांच्याकडे कधी दानशूर व्यापारी म्हणून, कधी केवळ पहिल्या आगगाडीतील प्रवासी म्हणून पाहिले गेले. वास्तविक त्यांच्या कार्यात एक सूत्र दिसते. विद्या असो वा दळणवळण, ती मूठभरांपुरती न राहता सर्वांच्या वापरात यावी आणि तिच्या व्यवस्थेत येथील लोकांना स्थान असावे, असा त्यांचा प्रयत्न होता. रेल्वेच्या बाबतीत त्याला मर्यादित यश आले, कारण मालकी आणि निर्णय परदेशातच राहिले, आणि घाटात प्राण गमावलेल्या मजुरांच्या वाट्याला नावापुरतीही नोंद आली नाही. तरीही दोन बेटांवर सुरू झालेल्या त्या मार्गाने मुंबई देशाच्या अंतर्भागाशी कायमची जोडली गेली. आज मध्य रेल्वेच्या उपनगरी गाड्या मुंबई आणि ठाणे यांच्या दरम्यान बहुतांशी त्याच मार्गाने धावतात.